ह्यांच्यावरची जागा

२ ऑगस्ट, रविवार

हॉलच्या पास्टरांनी आज आम्हाला एकेक वही दिली. आम्हाला म्हणजे पाण्याचा बाप्तिस्मा घ्यायचा विचार करणाऱ्या सात जणांना. रोज प्रभू तुमच्याशी काय बोलतो ते लिहा, म्हणाले. मी विचारलं, तो काहीच बोलला नाही तर? सगळे हसले. पास्टरही हसले. मग म्हणाले, मावशी, तुम्ही त्याच्याशी काय बोलता ते लिहा. पोरगा माझ्या लेकीएवढा आहे, पण उत्तर बरं दिलं. वही कोणाला दाखवायची नाही अशी अट मी माझ्यापुरती घालून घेतली आहे.

तर लिहिते. वय एकोणसाठ. धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून मी आधी मेणात आणि मग पक्क्या मालात दात बसवून देते. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. लेक लग्न होऊन तीन गल्ल्या पलीकडे राहते. घरात मी आणि वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. लग्न केलं नाही, इस्पितळात मेट्रन होत्या, आणि घरातही अजून वॉर्डात असल्यासारख्याच फिरतात. चादरीला सुरकुती दिसली की आधी चादरीकडे बघतात, मग माझ्याकडे.

जूनमध्ये लेकीने मला पहिल्यांदा हॉलमध्ये नेलं. फर्निचरच्या दुकानाच्या वर आहे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गिटार, पंख्यांचा घरघराट. मी नाक मुरडूनच बसले होते. तिसऱ्या गाण्याला रडायला लागले आणि थांबेचना. ह्यांच्या दफनाला रडले नव्हते, नंतरही नाही. शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आमच्या चर्चमध्ये मी एकोणसाठ वर्षं त्याच बाकावर बसते आहे, तिथे माझा हात कोणी धरलेला नाही.

बाप्तिस्मा अठरा ऑक्टोबरला आहे. तोपर्यंत ठरवायचं, जन्मापासूनचं चर्च सोडायचं की नाही.

३ ऑगस्ट, सोमवार

एवढं सोपं असतं तर वही लागली नसती. अडचण आहे ती जागेची.

आमच्या चर्चचं कबरस्तान केव्हाच भरलं. म्हणून पंचांनी नियम केला की आत आता फक्त जोडप्यांना जागा, आणि दोघांना मिळून एकच कबर. दुप्पट खोल खणतात. आधी जाईल तो खाली, मग फरशी, मग मागून येणारा वर. हे गेले तेव्हा खणणाऱ्याला दीड दिवस लागला होता. दगडावर डावीकडे ह्यांचं नाव आहे, उजवी बाजू कोरी आहे. ती माझी. जन्मभर डोक्यावर बसलीस, आता तिथेही बस, असं हे नक्की म्हणाले असते.

पण मी चर्चची सभासद असेन तरच. दुसऱ्या मंडळीत नाव घातलं की त्या जागेवरचा हक्क गेला. हॉलवाल्यांना स्वतःचं कबरस्तान नाही. त्यांची माणसं गावाबाहेरच्या सरकारी जमिनीत जातात, ओळीत, नंबराने. आमच्यातली बिनलग्नाची माणसंही हल्ली तिकडेच जातात.

बत्तीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले त्याच्याजवळ शेवटी जायचं, एवढीच एक गोष्ट माझ्या आयुष्यात पक्की ठरलेली होती. बाकी देवाचं मला काही कळत नाही.

९ ऑगस्ट, रविवार

सकाळी आठला चर्च, अकराला हॉल. एकाच दिवशी दोन जेवणं जेवल्यासारखं होतं. चर्चमध्ये तीनशेच्या जागेत आम्ही अडतीस माणसं होतो, मी मोजली. पाळकसाहेब उपदेश देताना मागच्या घड्याळाकडे बघतात. प्रार्थनेत सगळ्या शब्दांना मी तोंड हलवते, पण आत काही हलत नाही. हॉलमध्ये निदान रडू येतं.

घरी आले तर वन्सं जेवणाच्या ताटाशी चुळबुळत बसलेल्या. कवळी सैल झाली म्हणे. गेल्या वर्षीच मी स्वतः केलेली, मेणाचा साचा चार वेळा बदलून. मी म्हटलं, वन्सं, तुम्ही ती रात्री पाण्यात ठेवत नसाल. त्यांनी एवढंच म्हटलं की ठेवते. उद्या आतून नवं अस्तर घालून देईन.

मी हॉलमध्ये जाते याबद्दल त्या एक शब्द बोलत नाहीत. त्यांचा स्वभाव बघता आकाशपाताळ एक करायला हवं होतं. ही गप्प बसायची पद्धत मला जास्त टोचते.

१३ ऑगस्ट, गुरुवार

आज वर्गात बाप्तिस्म्याचा धडा होता. पास्टरांचं म्हणणं, तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं त्याला काही अर्थ नाही. माणसाने स्वतः समजून, स्वतःच्या तोंडाने कबूल करून पाण्यात उतरायला हवं. ते मला पटतंही. दोन महिन्यांच्या पोराला काय समजतं?

पण मग मी विचारलं, माझ्या नवऱ्याचा तसाच झाला होता. वायरिंगचं काम करायचे, शिडीवरून पडून गेले, समजून घ्यायला वेळच मिळाला नाही. मग ते आता कुठे?

पास्टर माझ्याजवळ येऊन बसले. आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "मावशी, ते आपण देवावर सोपवू या."

दातांचे डॉक्टर एखादा दात वाचणार नाही हे सांगताना असाच आवाज करतात. मी ओळखते तो आवाज.

२३ ऑगस्ट, रविवार

चर्च सुटल्यावर वन्सं म्हणाल्या, कबरस्तानात जाऊन येऊ. सहसा महिन्यातून एकदा जातो, हा महिन्यातला तिसरा फेरा. वाटेत दोनदा थांबल्या. म्हातारपण आलं म्हटलं तर चिडल्या.

दगड मी पुसला. वन्सं कडेच्या कट्ट्यावर बसून राहिल्या आणि ह्यांच्या लहानपणाचं सांगायला लागल्या. मला सगळं पाठ आहे. आई गेली तेव्हा ह्या सोळाच्या, हे सहाचे. शाळेत जायला रडायचे म्हणून ह्यांना पाठीवर घेऊन न्यायच्या. लग्नाची दोन स्थळं आली ती ह्यांना कोण बघणार म्हणून परत पाठवली. मग हे मोठे झाले आणि स्थळं यायची बंद झाली. यावर हसायचं असतं, म्हणून मी हसले.

मग एकदम म्हणाल्या, तू तिकडे गेलीस तर या जागेचं काय होतं? मला तो टोमणा वाटला आणि मी फाडकन म्हटलं, अजून गेले नाहीये मी. त्या कट्ट्यावरून उठल्या आणि फाटकाकडे चालायला लागल्या.

१ सप्टेंबर, मंगळवार

प्रभू, तुझ्याशी बोलायचं ठरवून वही उघडली. सुचत नाही काही. आज अकरा कवळ्या गेल्या.

७ सप्टेंबर, सोमवार

पंचांचे सेक्रेटरी दुकानात आले होते. त्यांची वरची कवळी मी केलेली आहे, हसले की माझंच काम माझ्याकडे बघून हसतं. त्यांच्या कानावर गेलंच होतं. रागावले वगैरे नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं. या वर्षी जाणाऱ्या तुम्ही सतराव्या म्हणाले, आणि खिशातून अर्जाचा कागद काढून दिला, कोणी बिल द्यावं तसा.

कागद एका पानाचा आहे. मी स्वखुशीने सभासदत्व सोडत आहे, मला दाखला मिळावा. खाली बारीक अक्षरात, कबरस्तानातील राखीव जागेवर माझा हक्क राहणार नाही. ती जागा मयताच्या रक्ताच्या नातेवाइकास, तो सभासद असल्यास, व तसा कोणी नसल्यास पंचांच्या मर्जीने देण्यात येईल.

एकोणसाठ वर्षांच्या हिशेबाने कागद फारच लहान वाटला. मी तो मापांच्या डब्याखाली ठेवला आहे.

१७ सप्टेंबर, गुरुवार

आठ दिवस तापाने आडवी होते. आज उठून बसले.

चर्चमधून कोणी आलं नाही. कोणीच नाही. रविवारी माझा बाक रिकामा दिसला असेल ना कोणाला? पाळकसाहेबांचं घर आमच्या खिडकीतून दिसतं. हॉलमधून पाच जण आले. एकीने भांडी घासली. पास्टर स्वतः औषधं घेऊन आले, पायाशी बसून प्रार्थना केली आणि जाताना दाराची कडी सैल होती ती पिळून गेले. देव असेल तर असाच कुठेतरी कडी पिळत असणार, असं वाटून गेलं.

वन्सं होत्याच. कपाळावर पट्ट्या, तासातासाला ताप बघणं, सगळं वहीत लिहून. त्या तर घरच्याच.

मी दुकानातून तो अर्जाचा कागद मागवून घेतला आणि सही केली.

२० सप्टेंबर, रविवार

चर्चच्या दारातच सेक्रेटरींच्या हातात अर्ज दिला. पंचांची सभा पाच ऑक्टोबरला आहे, तेव्हा मंजूर होईल म्हणाले. वन्सं माझ्या शेजारीच उभ्या होत्या. घरी येताना मीच म्हटलं, दिला अर्ज, जाते मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. इतक्या वर्षांत असं मोकळं हसताना मी त्यांना फारसं बघितलेलं नाही. माझी पीडा टळली म्हणून हसत असतील. मला रडू आलं, ते हॉलमधलं नव्हे, साधं रागाचं.

२४ सप्टेंबर, गुरुवार

कवळी परत सैल. आता दुसऱ्यांदा अस्तर घातलं. हिरड्या एवढ्या आत गेल्या आहेत की माझाच माझ्या मापावर विश्वास बसेना. जेवत नीट नाहीत, वरणाचं पाणी पितात आणि दातांना दोष देतात. मी बोलले त्यांना. म्हटलं, वन्सं, दुसऱ्या गिऱ्हाइकाने इतका त्रास दिला असता तर मी पैसे परत दिले असते. त्यावर म्हणाल्या, मग दे.

दोन दिवस कपाटं आवरण्याचं खूळ घेतलं आहे. पेन्शनचे कागद इथे, बँकेचं पुस्तक तिथे, गॅसवाल्याचा नंबर दाराच्या आत चिकटवला आहे, हे मला हाताला धरून दाखवलं. जणू मी परगावी निघाले आहे. हॉल तीन गल्ल्यांवर आहे म्हटलं. असू दे, माहीत असावं, म्हणाल्या. त्यांचे टोमणेसुद्धा मेट्रनसारखे, यादी करून.

२७ सप्टेंबर, रविवार

हॉलमध्ये आज सगळ्यांपुढे सांगितलं की जावयांना मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, म्हणून निवडायचं आहे. टाळ्या झाल्या. त्या हात धरणाऱ्या बाईने माझ्या कानात सांगितलं, आता तुमचा बाप्तिस्मा झाला की झालंच, वडिलांच्या घरचे सगळे एकाच मंडळीतले असावे लागतात ना.

मला हे माहीत नव्हतं. लेकीला विचारलं. ती म्हणाली, आई, त्याचा आणि तुझा काही संबंध नाही, तू रडलीस म्हणून मी तुला नेत राहिले. खरं सांगत असेल. माझी लेक खोटारडी नाही. पण मग जूनच्या आधी तीन वर्षं का नाही नेलंस, हे माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. जागेचं काढलं तर म्हणाली, "बाबा तिथे नाहीत आई. तिथे माती आहे."

तिचं बरोबर असेल. ती देवाच्या बाजूने बोलते, मी मातीच्या.

१ ऑक्टोबर, गुरुवार

अठरा तारखेला पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने साक्ष द्यायची आहे. दोन मिनिटं. नमुन्याचा कागद दिला. आजवर मी अंधारात होते, आज मी पहिल्यांदा प्रकाश पाहते आहे, अशी सुरुवात. मधलं ज्याचं त्याने भरायचं.

मी रात्री जेवणानंतर लिहायला बसले. आजवर मी अंधारात होते. मग हे डोळ्यांपुढे आले. रविवारी चर्चला जायच्या आधी माझ्या बुटांना पॉलिश करायचे, स्वतःचे तसेच ठेवून. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर घेतली की डोळे मिटून इतका वेळ उभे राहायचे की मागची माणसं खोकायची. लेकीच्या वेळी माझं रक्त थांबेना तेव्हा वॉर्डाच्या बाहेर गुडघ्यांवर होते रात्रभर. त्यांना प्रार्थना येत नव्हती, वन्संनी सांगितलं मला, नुसतं प्रभू प्रभू म्हणत होते. हा अंधार?

नाही जमलं लिहायला. कागद फाडला, परत जोडला, परत फाडला.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरलं. मी जात नाही.

चर्चमध्ये काही बरं होईल म्हणून नव्हे. तिथे काही बरं होणार नाही. पाळकसाहेब घड्याळाकडे बघणार, मी तोंड हलवणार, अडतीसचे तीस होणार आणि एक दिवस दार बंद होणार. हॉलमधल्या रडण्यावाचून मला चुकल्यासारखं होईल, ते मला आत्ताच कळतंय. पण हे अंधारात होते असं माझ्या तोंडाने मी म्हणणार नाही, आणि मेल्यावर त्यांच्याजवळच जाईन. एवढं झालं तरी पुष्कळ.

दोन महिन्यांचं तळ्यात-मळ्यात संपलं. आनंद नाही, पण गाढ झोप येईल असं वाटतंय. उद्या सकाळी सेक्रेटरींकडे जाऊन अर्ज परत घेते. वन्संना मग सांगेन.

६ ऑक्टोबर, मंगळवार

इस्पितळाच्या बाकावर लिहिते आहे. शनिवारी सकाळी चपला घालत होते आणि आत धपकन आवाज आला. वन्सं न्हाणीघरात पडल्या होत्या.

पोटात गाठ आहे, यकृतापर्यंत गेली आहे. करण्यासारखं काही नाही. डॉक्टरीणबाई लहान आहे, नीट बोलते. वजन कधीपासून उतरतंय, विचारलं. मी म्हटलं, लक्षात आलं नाही. ती म्हणाली, "कवळी वापरतात ना? ती सैल झाली असेल, त्यावरूनही कळतं."

तीस वर्षं मी हाच धंदा करते. माणूस आतून वाळायला लागला की आधी हिरड्या वाळतात, हे मी शिकाऊ मुलींना सांगते. दोनदा माझ्या हाताने अस्तर घातलं आणि दोनदा त्यांनाच बोलले. मी माझ्या आत्म्याच्या काळजीत होते.

त्यांना माहीत होतं. मेट्रन होत्या त्या. त्यांना जुलैपासून माहीत असणार.

८ ऑक्टोबर, गुरुवार

सेक्रेटरी भेटायला आले होते. सोमवारी पुरेसे पंच जमले नाहीत म्हणून सभा झाली नाही, आता येत्या सोमवारी होईल, तुमचं काम अडलं, माफ करा म्हणाले. म्हणजे अर्ज अजून त्यांच्या फायलीतच आहे. मी परत द्या म्हणणार तेवढ्यात नर्सने हाक मारली. उद्या फोन करेन. एका फोनचं काम आहे.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

दुपारी वन्सं बऱ्यापैकी शुद्धीवर होत्या. दात काढून ठेवलेले, त्यामुळे बोलणं फुटकं. मला खुर्ची जवळ घ्यायला लावली. अर्ज मंजूर झाला का, विचारलं. मी म्हटलं, अजून नाही, सोमवारी सभा आहे. खरं सांगायला मी तोंड उघडलंच होतं. वन्सं, मी नाही जात कुठे, इथेच आहे, हे ऐकून त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती.

त्या आधी बोलल्या. "एक मागू? रागावू नकोस."

मागा म्हटलं.

"तू जाते आहेस, तर ती वरची जागा मोकळी होईल. कागदात आहे, रक्ताच्या माणसाला मिळते. मी आधीच वाचून ठेवलंय. मला तिथे ठेवशील? तिकडे नंबराच्या ओळीत नको गं. आयुष्यभर माणसं खाटेच्या नंबराने ओळखली मी."

मी त्यांची चादर सारखी करायला लागले. त्यांना वाटलं असेल मला पटत नाहीये. माझा हात धरला. त्यांनी माझा हात कधी धरलेला नाही, नाडी बघायची असेल तरच.

"मी तुला जाऊ नकोस म्हटलं नाही कधी. तुझ्या लक्षात आलं असेल. अर्ज दिलास त्या दिवशी मला आनंद झाला. देवाने मला क्षमा करावी, पण झाला. पाठीवर घेऊन फिरवलंय त्याला मी."

ती जागा माझी आहे. हे शब्द माझ्या जिभेवर होते, अगदी दातांपर्यंत आले. मी त्यांच्याकडे बघितलं. तोंड आत गेलेलं, डोळे माझ्यावर. साठ वर्षांपूर्वी पोराला शाळेत सोडून फाटकाशी अशाच उभ्या राहत असतील.

मी म्हटलं, "हो वन्सं. मला कुठे लागणार आहे आता ती?"

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, तू तिकडे रडतेस ते बरं आहे, जा. पाच मिनिटांत झोपल्या. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ उभी राहिले. पाणी येत होतं, रडू आलं नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

सेक्रेटरींना फोन केला. सोमवारी नक्की मंजूर करून घ्या म्हटलं. घाई का, त्यांनी विचारलं. मी वन्संचं सांगितलं. मग म्हणाले, बाई, जाता जाता मोठं मन केलंत.

१४ ऑक्टोबर, बुधवार

सोमवारी सभा झाली, अर्ज मंजूर झाला, आणि त्याच संध्याकाळी वन्सं गेल्या. सगळं वेळेवर. त्यांना वेळेचं फार होतं.

त्यांना तयार मी केलं. कवळी बसवायला गेले तर राहीना. कापूस लावून बसवली. मग चेहरा त्यांच्यासारखा दिसला. चादरीला सुरकुती राहू दिली नाही.

काल दफन. दगड उचलून बाजूला ठेवला होता. खणणाऱ्याने माती काढत काढत फरशीपर्यंत नेली आणि फावडं फरशीवर वाजलं. त्याखाली हे आहेत. तीन वर्षांत त्यांच्या इतक्या जवळ मी आले नव्हते. मी वाकून बघत होते तर लेकीने मागून धरलं, तिला वाटलं मी पडेन. मग वन्संना खाली सोडलं. पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना केली, या वेळी घड्याळ नव्हतं म्हणून असेल, कबरीकडे बघत होते. सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती टाकली. ती माझ्याच जागेवर टाकते आहे, हे हात मोकळा झाल्यावर कळलं.

दगड घडवणारा विचारत होता, उजव्या बाजूला काय कोरू? मी वन्संचं नाव आणि दोन सालं लिहून दिली.

१८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी लेक पांढरा झगा इस्त्री करून घेऊन आली. आज नाही म्हटलं. ती माझ्याजवळ बसली, डोक्यावरून हात फिरवला. पास्टरांचा फोन आला. मावशी, दुःखात घाई नको, जानेवारीत पुढचे लोक पाण्यात उतरतील, तुमचं नाव त्यांच्यात लिहून ठेवलं आहे. किती समजून घेतात सगळे. कोणी विचारत नाही, येणार का. कधी येणार, एवढंच विचारतात.

चर्चचा दाखला आला आहे, शिक्का मारून. परत सभासद होता येतं का, हे मी सेक्रेटरींना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. येतं म्हणाले, कधीही या. पण कबरस्तानात आता जागा नाही.

आज मी कुठेच गेले नाही. आठची घंटा ऐकली. अकरा वाजता हॉल भरला असेल. दुकान उघडून चार कवळ्या घासल्या.

लेक जाताना म्हणाली, "आई, एका अर्थी बरं झालं. आता तुला तिकडे धरून ठेवणारं काही उरलं नाही ना?"

नाही म्हटलं. तिला जवळ घेतलं.

जानेवारीत बहुधा उतरेन पाण्यात. नाही म्हणायला काही कारण उरलेलं नाही, आणि जावयांचं अडलेलं आहे. अंधारात होते तेही म्हणेन, दोन मिनिटांचं तर आहे. सगळे म्हणतात, हिने जायचं ठरवलं होतं म्हणून जागा देता आली. वन्संही तेच समजून गेल्या. मी राहणार होते, हे कोणालाच माहीत नाही.